घरी पेटतं, गडावर पेटत नाही: आग पेटवायच्या सामानाचं निदान

पावसाळ्यात त्र्यंबक-इगतपुरीकडे जाणाऱ्यांची ही तक्रार दरवर्षी ऐकू येते. सॅकमध्ये लायटर असतो, काडेपेटी असते, ऑनलाइन मागवलेला फेरो रॉडही (खरवडला की ठिणग्या पाडणारी धातूची कांडी) असतो. घरी गॅलरीत तिन्ही चालवून पाहिलेले असतात. मग हरिहरच्या किंवा भास्करगडाच्या बाजूला वाट चुकते, अंधार पडतो, कपडे चिंब होतात आणि यातलं एकही कामाला येत नाही. पुढच्या वेळी आणखी महागडा लायटर घेतला जातो. तोही तिथे तसाच गप्प बसतो.

बिघाड बहुतेक वेळा ठिणगीत नसतोच. ठिणगी आणि लाकूड यांच्या मधल्या पायऱ्या सोबत नेलेल्या नसतात, किंवा सगळं सामान एकाच पिशवीत असल्यामुळे एकदमच भिजलेलं असतं. म्हणून नवीन काही विकत घेण्याआधी आग नेमकी कुठे अडते ते ओळखा. ज्योतच येत नाही का? ज्योत येते पण कापूस-कागद धरत नाही? कापूस जळून जातो आणि काटक्या तशाच राहतात? की काटक्या धरतात पण नुसता धूर होतो? या चारांपैकी तुमचा प्रकार कुठला, त्यावर उपाय ठरतो.

त्याआधी: आग कधी पेटवायची

राखीव जंगलात आग पेटवायला १९२७ च्या भारतीय वन कायद्याने मनाई आहे आणि अभयारण्यात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने. नाशिकच्या भटक्यांचे नेहमीचे बरेच डोंगर वनखात्याच्या हद्दीत येतात आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे तर अभयारण्यच आहे. चहासाठी, नूडल्ससाठी, फोटोसाठी शेकोटी करायची नाही. इथे जे सामान सांगितलं आहे ते अडकून पडल्यावर, माणूस थंडीने गारठल्यावर, जखमीला घेऊन रात्र काढायची वेळ आल्यावर वापरायचं आहे.

अशा वेळीसुद्धा आग हे पहिलं काम नव्हे. भिजलेला माणूस वाऱ्यात बसला असेल तर पंधरा-वीस अंश तापमानातही त्याच्या अंगातली ऊब धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. आधी त्याला वाऱ्याच्या आडोशाला घ्या, कोरडे कपडे घाला, खाली सॅक किंवा मॅट द्या, वरून प्लॅस्टिक गुंडाळा. नेटवर्क असेल तर ११२ ला फोन लावा. मग आगीकडे वळा. कुडकुडणाऱ्याला तसाच ठेवून दोन माणसं अर्धा तास काड्या ओढत बसली, हे फार वेळा घडतं.

ज्योतच येत नाही

साधा चाकाचा लायटर घ्या. बटण दाबल्यावर टक् आवाज करून पेटणारा लायटर डोंगरासाठी नको. त्याची ठिणगी विजेची असते, दोन टोकांमध्ये ओल बसली की ती उडतच नाही आणि तुमच्या हातात करण्यासारखं काही उरत नाही. चाकाच्या लायटरमध्ये छोटा खडा असतो आणि चाक त्यावर घासतं. ओला झाला तरी तो दुरुस्त करता येतो: जोरात झटका, चाकावर तोंडाने फुंका, मग चाक कोरड्या कापडावर किंवा तळहातावर पंधरा-वीस वेळा फिरवा, बटण न दाबता. ठिणगी परत दिसू लागते. लायटर पारदर्शक घ्या, गॅस किती उरला ते दिसलं पाहिजे.

ठिणगी दिसते पण ज्योत नाही, असं असेल तर तीन शक्यता. गॅस संपला; तोंडाशी चिखल किंवा खिशातला कचरा अडकला; किंवा लायटर थंड पडला. यातली तिसरी लोकांच्या लक्षात येत नाही. लायटरमधला ब्युटेन शून्य अंशाच्या जरा खालीच उकळतो, म्हणजे थंडीत त्याचा दाब उतरतो आणि ज्योत मुंगीएवढी होते किंवा येतच नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली जातो तेव्हा पहाटे हे होणारच. साल्हेरवर लायटर चालला नाही की लोक १५६७ मीटर उंचीला दोष देतात. उंचीचा इथे फारसा संबंध नाही, थंडीचा आहे. लायटर मुठीत किंवा काखेत दोन-तीन मिनिटं धरा. रात्री तो सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात न ठेवता अंगावरच्या आतल्या खिशात ठेवा.

गॅस संपण्याचं नेहमीचं कारण म्हणजे सॅकमध्ये बटणावर दाब येऊन तो हळूहळू निघून जाणं. बटणाच्या खाली जाड रबरबँडची दोन-तीन वेटोळी किंवा सुतळीचा तुकडा अडकवून टाका, बटण खाली जाता कामा नये. गॅस संपलेला चाकाचा लायटरही फेकू नका. खड्याची ठिणगी अजून शिल्लक असते आणि नीट पिंजलेला कापूस तिच्यावर धरतो.

लायटर सलग दहा सेकंदांहून जास्त पेटता ठेवू नका. वरची पत्र्याची टोपी तापते, बोट भाजतं आणि प्लॅस्टिक वितळून झडप सैल होते. ओल्या काटक्यांखाली लायटर धरून बसणाऱ्यांचे लायटर असेच जातात. जास्त वेळ ज्योत हवी असेल तर लायटरने मेणबत्ती पेटवा आणि मेणबत्तीने बाकीचं.

काडेपेटीचं दुखणं वेगळं आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या काड्या सेफ्टी प्रकारच्या असतात. गुलात पोटॅशियम क्लोरेट आणि गंधक असतं, तर तांबडा फॉस्फरस पेटीच्या बाजूच्या तपकिरी पट्टीवर असतो. म्हणजे पट्टी गेली की पन्नास कोरड्या काड्याही निरुपयोगी. जुलैत आधी सादळते ती पट्टीच. बोटांच्या ओलीने ती मऊ पडते आणि दोन-तीन काड्यांत कागदासकट खरवडून निघते. उपाय असा: नव्या पेटीच्या दोन्ही पट्ट्या पुठ्ठ्यासकट कापून घ्या, वीस-पंचवीस काड्या एका दिशेला गुल करून छोट्या फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत उभ्या ठेवा, आणि पट्ट्या वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून त्याच बाटलीत टाका. पट्टी उघडी ठेवून गुलांना लागू देऊ नका. चालताना घासून बाटलीतच भडका उडू शकतो.

काड्या मेणात बुडवून नेण्याची पद्धत जुनी आहे, पण ओढताना मेण पट्टीवर पसरतं आणि पट्टी गुळगुळीत होते. मेण लावलंच असेल तर ओढण्याआधी नखाने गुलावरचं खरवडून काढा. त्याऐवजी पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ हात गुलापासून अर्ध्या काडीपर्यंत द्या आणि पूर्ण सुकू द्या. हे काम उघड्या खिडकीजवळ करा, जवळ गॅस पेटलेला नको.

फेरो रॉड: दोष रॉडचा की हाताचा

रॉड काळा, नवा कोरा आहे आणि ठिणगीच पडत नाही? त्यावर रंगाचा थर असतो. एका बाजूने तो पूर्ण खरवडून आतला चकचकीत करडा धातू दिसू द्या. रॉड चालत नाही असं वाटण्याचं एवढंच कारण अनेकदा निघतं.

खरवडायला चाकूची धार वापरू नका. धार बोथट होते आणि ठिणगीही नीट पडत नाही. हवी असते काटकोनी, टोकदार कड. हार्डवेअरच्या दुकानातलं हॅकसॉ ब्लेड घ्या, आठ-दहा सेंटिमीटरचा तुकडा मोडा (फडक्यात गुंडाळून, डोळे जपून), दात नसलेल्या बाजूची कड कानशीने सपाट करा आणि तो रॉडला दोरीने बांधा. रॉडसोबत येणाऱ्या पत्र्याच्या पट्टीपेक्षा हे कितीतरी चांगलं चालतं.

रॉडची जाडी किमान ८ मिलिमीटर आणि मुठीबाहेरची लांबी ८ सेंटिमीटर असावी. ब्रेसलेटमध्ये बसवलेला काडीएवढा रॉड गारठलेल्या बोटांत धरताही येत नाही. तो घेऊ नका.

हाताची चूक बहुतेकांची एकच असते. खरवडणी जोरात पुढे ढकलली जाते, तिचा धक्का कापसाला बसतो आणि उभं केलेलं सगळं विस्कटतं. रॉडचं टोक कापसाच्या मध्यात टेकवा, खरवडणी त्याच्यावर तिरकी धरून जागच्या जागी घट्ट ठेवा आणि रॉड मागे ओढा. घाई नको. दाबून, सावकाश, पूर्ण लांबीभर ओढलं की धातूचे जाड कण पडतात आणि ते क्षणभर जास्त जळतात. भराभर ओढून पडणाऱ्या बारीक ठिणग्या दिसायला छान असतात, पण वाटेतच विझतात. कणांचं तापमान ३००० अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकतं, तरीही काडी किंवा सुकं पान त्याने पेटत नाही. तो कण फार थोडा वेळ जगतो. त्याला झेलायला तंतूच लागतात.

रॉड भिजला तर पुसून लगेच वापरता येतो, हे त्याचं मोठं बळ आहे. पण महिनोन्महिने ओल्या पिशवीत, घामाच्या मिठात राहिला तर त्यावर भुकटी सुटते आणि तो झिजतो. पावसाळा संपल्यावर पुसून, तेलाचा बोटभर हात फिरवून ठेवा. वापरण्याआधी एकदा खरवडा.

चकमकीबद्दलही विचारलं जातं. सिन्नरच्या परिसरात दगडांच्या पोकळ्यांमधून स्फटिक आणि गारगोट्या निघतात. तिथलं गारगोटी संग्रहालय त्यासाठीच ओळखलं जातं. धारदार कडेच्या गारेवर पोलाद आपटलं तर ठिणगी पडते, यात शंका नाही. पण ती लोखंडाची ठिणगी फेरो रॉडच्या मानाने थंड असते, साध्या कापसावर धरत नाही. तिला जाळून कोळसा केलेलं सुती कापड लागतं आणि ते कापड ओलीचा वास लागला तरी बिघडतं. कोरड्या दिवसांत सराव म्हणून जरूर शिका. श्रावणात जीव त्याच्या भरवशावर ठेवू नका.

ठिणगी पडते, पण धरत नाही

खरा घोळ इथे आहे, आणि खर्च इथेच सगळ्यात कमी आहे.

वाटेत मिळेल त्या सुक्या गवतावर, पानांवर विसंबू नका. जून ते सप्टेंबर घाटमाथ्यावर कोरडं असं काही नसतं. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, नाशिक शहराच्या कितीतरी पट. पाऊस थांबलेला असला तरी हवेतली ओल गवतात, काथ्यात, सुतळीत शिरलेली असते. हाताला कोरडं लागणारं गवतसुद्धा त्या दिवसांत ठिणगी धरत नाही. जे पेटवायचं ते घरूनच न्यायचं.

सगळ्यात भरवशाचं म्हणजे पेट्रोलियम जेली लावलेला कापूस. औषधाच्या दुकानातला शुद्ध कापूस किंवा रविवार कारंजा, पंचवटीतल्या पूजासाहित्याच्या दुकानांतल्या कोऱ्या फुलवाती घ्या. आधी चिमूटभर जाळून बघा. सुती असेल तर भुरी राख होते. गोळा होऊन कडक मणी राहिला तर त्यात पॉलिस्टर आहे, तो परत करा. लिंबाएवढ्या कापसाला अर्धा चमचा जेली पुरते. वाटी गरम पाण्यात ठेवून जेली पातळ करा, थेट गॅसवर ठेवू नका. कापसाचा अर्धा भाग तिच्यात बुडवा आणि उरलेला अर्धा कोरडा ठेवा.

कोरडा भाग ठेवायचा विसरला जातो आणि मग ठिणगी नुसती चिकटून काळी पडते. जेली ही इंधन आहे, ठिणगी झेलतात ते कोरडे तंतू. वापरताना गोळा तसाच ठेवू नका. बोटांनी ओढून, पिंजून कोळ्याच्या जाळ्यासारखा विरळ करा, आत हवा खेळली पाहिजे. वारा नसेल तर असा एक गोळा तीन-चार मिनिटं जळतो. असे दहा गोळे एका छोट्या डबीत दाबून बसतात.

तुपात भिजवलेल्या तयार फुलवाती काडीने छान पेटतात, पण ठिणगीने नाही, कारण त्या टोकापर्यंत भिजलेल्या असतात. शिवाय उन्हाळ्यात त्यातली चरबी वितळून सॅकभर होते, आणि गुहेत मुक्काम असेल तर त्या वासाने उंदीर सॅक कुरतडतात. त्या नेऊ नका.

कापूर मात्र न्याच. आपल्या घराघरात असलेली ही वस्तू डोंगरात लोक विसरतात. कापूर पाण्यात विरघळत नाही, पाण्यावर तरंगत जळतो आणि ओल्या हातांनी हाताळला तरी बिघडत नाही. लायटर किंवा काडी असेल तर याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. ठिणगीवर पेटवायचा असेल तर अख्खी वडी चालत नाही. ती चुरडून तिची पूड कोऱ्या कापसात मिसळा. त्याची खोट एकच: कापूर उघडा राहिला तर हवेत उडून जातो. दिवाळीत भरलेली पुडी पुढच्या जुलैत रिकामी निघते. आठ-दहा वड्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा, खाण्याच्या वस्तूंपासून लांब आणि मुलांच्या हाताबाहेर. कापूर पोटात गेला तर विषारी आहे.

तिसरी वस्तू सायकलच्या जुन्या ट्यूबची. पंक्चरवाल्याकडून मागून आणा आणि बोटभर रुंद, चार-पाच सेंटिमीटर लांब अशा पाच-सहा पट्ट्या कापा. भिजलेली पट्टी पुसली की पेटते आणि वाऱ्यात सहज विझत नाही. धूर काळा आणि घातक असतो. तोंड बाजूला ठेवा आणि त्यावर काही भाजू नका. ठिणगीने ती पेटत नाही, ज्योत लागते.

दुचाकीतून काढलेलं पेट्रोल आगीवर ओतणं हा उपाय नव्हे. वाफ आधी पसरते आणि भडका हातापर्यंत येतो. सॅनिटायझरची ज्योत उजेडात दिसतच नाही. दोन्हींमुळे भाजलेला माणूस अंधारात गडावरून खाली आणणं हे थंडीपेक्षा मोठं संकट आहे.

कापूस जळून गेला, काटक्या तशाच

कापूस तीन-चार मिनिटं जळतो आणि तेवढ्यात तुम्ही अंगठ्याएवढं ओलं लाकूड त्यावर ठेवता. धरणार कसं? मधल्या दोन पायऱ्या गाळल्या गेल्या. आगकाडीच्या जाडीच्या काटक्या दोन मुठी, पेन्सिलीच्या जाडीच्या त्याच्या दुप्पट, मग अंगठ्याच्या जाडीचं सरपण हातभर ढीग. हे तिन्ही ढीग पेटवण्याआधी तयार हवेत. पेटल्यावर काटक्या शोधायला उठलात की आग गेलीच म्हणून समजा.

नाशिककरांना यासाठी बाहेर कुठे जावं लागत नाही. दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडे एप्रिलच्या खरड छाटणीनंतर द्राक्षाच्या काड्यांचे ढीग बांधावर पडलेले असतात. शेतकऱ्याला विचारून पेन्सिलीएवढ्या जाड काड्या घ्या, वीतभर लांबीच्या तोडा आणि मे महिन्यात उन्हात वाळू द्या. मोडताना टचकन आवाज आला पाहिजे. नुसती वाकली तर अजून ओली आहे. तीस-चाळीस काड्यांची जुडी दुधाच्या दोन पिशव्यांत उलटसुलट घालून वर रबर लावलं की पावसाळाभर टिकते. जुडीत थोड्या काड्या चाकूने उभ्या चिरून आगकाडीएवढ्या केलेल्या असू द्या. वर्षभर फवारण्या झालेल्या असतात, म्हणून या काड्यांच्या जाळावर थेट काही भाजून खाऊ नका. अंग शेकण्यापुरत्या त्या उत्तम.

जुडी नसेल तर जमिनीवरचं लाकूड उचलू नका, ते आतपर्यंत भिजलेलं असतं. झाडावर अडकून राहिलेली किंवा उभ्या उभ्या वाळलेली मेलेली फांदी शोधा. मनगटाएवढ्या जाड मेलेल्या फांदीची साल ओली असली तरी गाभा बहुधा कोरडा असतो. ती फोडा, बाहेरचा ओला भाग तासून टाका आणि आतल्या भागाच्या बारीक झिलप्या काढा. चार-पाच झिलप्यांवर चाकूने कुरळे सोडवत न्या, पण ते तोडू नका, काडीलाच लटकत राहू द्या. अशा काडीला ज्योत चटकन धरते. वाळलेली कारवी आणि वाळलेली घाणेरी दोन्ही चांगल्या जळतात. जिवंत झाडाला हात लावू नका. ते जळतही नाही.

बांबू न्यायचा किंवा वापरायचा असेल तर आधी उभा चिरा. दोन्ही बाजूंना गाठ असलेलं बंद पेर आगीत टाकलं की आतली हवा-वाफ कोंडून ते बंदुकीसारखं फुटतं.

बिब्बा ओळखायला शिका. त्याचं लाकूड, साल, फळ काहीही जाळायचं नाही. बिब्बा उतला की अंगावर फोड येतात हे गावाकडे सगळ्यांना माहीत आहे आणि धुरानेही अंग, डोळे, श्वासनलिका सुजू शकते. कण्हेर आणि चिकाचे निवडुंगही सरपणात नको.

पेटलं, पण नुसता धूर

खालून ओल येते आहे किंवा हवा मिळत नाही. ओल्या जमिनीवर थेट आग लावू नका. अंगठ्याएवढ्या सात-आठ काड्या शेजारी शेजारी ठेवून फळी करा आणि तिच्यावर पेटवा. चपटे दगड चालतील, पण ओढ्यातले नकोत. आपल्याकडचा काळा दगड पुष्कळदा सच्छिद्र असतो, त्यात पाणी मुरलेलं असतं, आणि तापल्यावर तो फुटून ठिकऱ्या उडतात.

वाऱ्याकडे पाठ करून बसा आणि वाऱ्याच्या बाजूने, अगदी तळाशी पेटवा, म्हणजे वारा ज्योत ढिगात ढकलतो. वरून पेटवली तर तोच वारा ती उडवून लावतो. फुंकायचं असेल तर लांबून, सावकाश, निखाऱ्याच्या बुडाशी. जवळून जोरात फुंकल्याने कोवळी ज्योत विझते. पुढचं सरपण आगीभोवती उभं रचून ठेवा; जळेपर्यंत ते वाळत राहतं.

जागा निवडताना वर बघा. कड्याला आग्या मोहोळ लटकलेलं असेल तर त्याच्याखाली, आसपास, वाऱ्याच्या उलट बाजूलाही धूर करायचा नाही. सह्याद्रीच्या कड्यांवर मधमाश्यांचे हल्ले होतात आणि धूर हे त्यांना उठवण्याचं एक कारण असतं. थंडीतून सुटण्यासाठी पेटवलेल्या आगीने माणूस कड्यावरून पळायला लागेल.

गुहेत किंवा कोरीव टाक्याशेजारी भिंतीला लागून आग नको. काजळी दगडात बसते ती निघत नाही. साल्हेर २०२५ पासून जागतिक वारसा यादीत आहे, पण नोंद नसलेल्या गडावरही हेच पाळा. तंबूत किंवा प्लॅस्टिकने तोंड बंद केलेल्या गुहेत आग लावून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही.

फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत प्रश्न उलटा होतो. सगळं पेटतं, नको तेवढं. पठारावरचं गवत एका ठिणगीने जातं. अंजनेरीच्या पठारावर तर सेरोपेजिया अंजनेरिकासारख्या दुर्मिळ वनस्पती आहेत. जिवावर बेतलं तरच, आणि उघड्या कातळावर, भोवती दोन-तीन मीटर गवत काढून. वणवा दिसला तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

सामान कसं न्यायचं

एकाच पाऊचमध्ये सगळं ठेवणं ही मूळ चूक. सॅक ओढ्यात गेली, सोबत्याकडे राहिली किंवा दरीत पडली की सगळंच गेलं. तीन जागा करा.

अंगावर, पँटच्या बंद होणाऱ्या खिशात: झिपच्या पिशवीत चाकाचा लायटर, जेलीचे दोन गोळे, ट्यूबची एक पट्टी. गळ्यात किंवा कमरेला दोरीने: फेरो रॉड आणि खरवडणी. सॅकमध्ये, वरच्या कप्प्यात: पाणी न शिरणारी डबी, त्यात काड्यांची बाटली, आठ गोळे, कापूर, बोटभर मेणबत्ती, आणि डबीबाहेर द्राक्षाच्या काड्यांची जुडी. जुडी सोडून हे सगळं दोन-अडीचशे ग्रॅममध्ये बसतं. गटात सहा जण असतील तर किमान तिघांच्या अंगावर लायटर हवा. एकाकडे आहे म्हणून बाकीचे निर्धास्त, असं चालत नाही.

डबी पाणबंद आहे का, हे जाहिरातीवरून ठरवू नका. आत कोरडा टिश्यू टाका, झाकण लावा, बादलीत दगडाखाली दहा मिनिटं दाबून ठेवा. बाहेरून पुसून मगच उघडा. टिश्यूचा एक कोपराही ओला असेल तर ती डबी बाद. पातळ झिपची पिशवी घडीवर चिरते, म्हणून दोन घाला, एकीत एक. बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी डबीत टाकायला हरकत नाही, पण ती कायम काम करत नाही. एकदा ओल पिऊन भरली की नुसतं वजन.

लायटर दुचाकीच्या डिकीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून गडावर जाऊ नका. मे महिन्यात बंद गाडीच्या आत पारा पन्नासच्या पुढे जातो आणि गॅसचा लायटर फुटू शकतो. मेणबत्तीही त्या उष्णतेत वाकून डबीला चिकटते.

हे सगळं घरी एकदा वाईट परिस्थितीत करून पाहा: अंगणात किंवा गच्चीत, पाऊस चालू असताना, बर्फाच्या पाण्यात दोन मिनिटं बुडवलेल्या हातांनी, सोबत नेणार तेवढ्याच सामानात. कापसाचा गोळा बोटांनी पिंजता येत नाही, झाकण फिरत नाही, रॉड निसटतो, हे तिथेच कळतं. झाकणाला दोरीचा फास बांधणं, रॉडच्या मुठीला सायकल ट्यूब गुंडाळणं अशा दुरुस्त्या मग सुचतात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि दिवाळीनंतर डबी उघडून तपासा. काड्यांपैकी दोन ओढून बघा, पट्टी खरवडत असेल तर बदला. कापूर मोजा. गोळ्यांना बुरशी किंवा ओला वास असेल तर नवे करा. लायटरमधला गॅस निम्म्याखाली असेल तर तो घरात देव्हाऱ्याजवळ वापरायला काढा आणि सॅकमध्ये नवा टाका.

गरज संपली की आगीवर पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. माती टाकून निखारे झाकू नका, आत ते तासन्‌तास धुमसत राहतात. पालथा हात राखेला टेकवून पाहा. ऊब लागली तर अजून पाणी हवं.